मुलांच्या दारी शाळा नेणाऱ्या अनुताई वाघ



स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीविषयी लिहा, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा नाव शोधावं लागलं नाही. नोकरीची बरीच वर्षं मी अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून काढली. जिंतूरच्या डोंगरपट्ट्यातले तांडे, गंगाखेड-पालमकडची गावं, पूर्णेच्या काठच्या वस्त्या असं फिरणं झालं. प्रत्येक गावात एक खोली, भिंतीवर रंगवलेली फळं नि पक्षी, कोपऱ्यात वजनकाटा, चुलीवर शिजणारी खिचडी आणि सतरंजीवर बसलेली तीन ते सहा वर्षांची मुलं. ‘अंगणवाडी’ हा शब्द आता इतका आपल्या बोलण्यातला झाला आहे, की तो कुणी तरी घडवला असेल असं मनातही येत नाही. तो घडला आपल्यापासून दूर, ठाणे जिल्ह्यातल्या (आताच्या पालघर जिल्ह्यातल्या) बोर्डी या समुद्रकाठच्या गावात. तो घडवणाऱ्या दोघी म्हणजे ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ. ताराबाईंना आपण गुरू म्हणू. पण त्या गुरूचं काम खांद्यावर घेऊन जवळजवळ पाच दशकं आदिवासी मुलांमध्ये राहिल्या त्या अनुताई. त्यांचं चरित्र आपल्या स्मरणिकेत का, ते लेखाच्या शेवटी सांगते.

बालपण आणि शिक्षण

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. आपण ज्याला अष्टविनायकातलं मोरगाव म्हणतो, तेच. त्या काळच्या रीतीप्रमाणे १९२३ साली, वयाच्या तेराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं आणि सहाच महिन्यांत त्या विधवा झाल्या. तेराव्या वर्षी विधवा झालेल्या ब्राह्मण मुलीचं पुढचं आयुष्य काय असायचं, हे आपल्यातल्या पुष्कळांनी आजी-पणजीकडून ऐकलेलं आहे. घराच्या मागच्या खोलीत, सोवळ्या-ओवळ्यात आणि दुसऱ्यांच्या लेकरांच्या सेवेत ते संपून जायचं.

अनुताईंचं तसं झालं नाही, कारण त्या शिकल्या. १९२५ साली त्या व्हर्नाक्युलर फायनल म्हणजे सातवी उत्तीर्ण झाल्या. तेव्हा सातवी पास माणूस मास्तर होऊ शकत असे, एवढं त्या परीक्षेचं वजन होतं. पुढे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षिकेचं प्रशिक्षण १९२९ साली पूर्ण करून नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड भागात त्यांनी नोकरी धरली. खेड्यातली शाळा, अंगावर तरुण विधवेचं जिणं आणि गावाची नजर, या सगळ्यात त्यांनी चार वर्षं काढली. १९३३ मध्ये त्या पुण्याच्या हुजूरपागा शाळेत आल्या. दिवसा मुलींना शिकवायचं आणि रात्री स्वतः रात्रशाळेत बसायचं, असं करून त्या मॅट्रिक झाल्या. शिकण्याची ही भूक त्यांची कधीच भागली नाही. कोसबाडच्या रगाड्यात असतानाच त्यांनी एस.एन.डी.टी. विद्यापीठाची पदवी घेतली, ती १९६१ साली, वयाची पन्नाशी ओलांडल्यावर. दहावीनंतर पंचवीस वर्षांनी पुन्हा परीक्षेला बसलेल्या आपल्या काही मैत्रिणींना हे वाचून बरं वाटेल.

बोरिवलीचं शिबिर

हुजूरपागेतली नोकरी चांगली होती. पुण्यात मान होता, महिन्याचा पगार होता. एका एकट्या स्त्रीला त्या काळी याहून सुरक्षित आयुष्य मिळणं अवघड. १९४५ साली कस्तुरबा ट्रस्टच्या वतीने ग्रामसेविकांसाठी बोरिवलीला शिबिर भरलं. अनुताई त्या शिबिराला गेल्या. तिथे त्यांची गाठ ताराबाई मोडकांशी पडली.

ताराबाईंविषयी थोडं सांगायला हवं. १८९२ चा त्यांचा जन्म. १९१४ साली पदवीधर झालेली ती बाई. राजकोटला स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य, मग भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाच्या कामात नऊ वर्षं. मादाम माँटेसरींची पद्धत गिजुभाईंनी आणि ताराबाईंनी गुजराती व मराठी घरांत आणली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाई मुंबईला आल्या आणि १९३६ साली दादरला ‘शिशुविहार’ सुरू झालं. तिथे मध्यमवर्गाची मुलं लाकडी ठोकळे, मणी, रंगीत पट्ट्या घेऊन खेळत खेळत शिकत होती. लहान मुलाला मारू नये, त्याला गोडीने शिकू द्यावं, हा विचार शहरातल्या पालकांना पटू लागला होता.

पण ताराबाईंच्या मनात एक टोचणी होती. ही पद्धत शहरातल्या, चार पैसे बाळगणाऱ्या घरांपुरतीच राहणार काय? माँटेसरीचं साहित्य महाग. ज्यांच्या घरी पाटी नाही, अंगावर धडका सदरा नाही, त्या मुलांपर्यंत हे कसं जायचं? म्हणून वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ताराबाईंनी खेड्यात जायचं ठरवलं. त्यांना सहकारी हवी होती. बोरिवलीला त्यांनी हे बोलून दाखवलं आणि अनुताईंनी जायचं ठरवलं. पुण्याची नोकरी सोडली. तेव्हा त्या पस्तीस वर्षांच्या होत्या. डिसेंबर १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं आणि तिथून अनुताईंचं खरं आयुष्य सुरू झालं.

बोर्डी : अंगणातली बालवाडी

बोर्डीला आचार्य भिसे यांच्यासारखे शिक्षक आधीपासून आदिवासींमध्ये काम करत होते, त्यामुळे पाय ठेवायला जागा मिळाली. गावात बालवाडी काढली. वाटलं होतं, मुलं येतील. गावातल्या बऱ्या घरची आली. दलित वस्तीतली आणि मच्छीमारांची, मजुरांची मुलं येईनात. बोलावून आणलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जागेवर नसत. आई पहाटेच कामाला गेलेली, मूल उघडंनागडं, नाक वाहतंय, डोक्यात उवा, अंगाला खरूज. अशा मुलाला नीटनेटक्या बालवाडीच्या दारात उभं राहायचीच लाज वाटे आणि इतर मुलांच्या आईबापांनाही ते शेजारी नको असे.

इथे दोन रस्ते होते. मुलं येत नाहीत, लोक अडाणी आहेत, असं म्हणून वही मिटायची. पुष्कळ शाळांनी आजवर हेच केलं आहे. किंवा मग मुलं येत नाहीत तर आपण जायचं. ताराबाई आणि अनुताई वस्तीत गेल्या. एखाद्या घरापुढचं अंगण झाडून, सारवून घेतलं, तिथेच मुलं गोळा केली. आधी अंघोळ, केस विंचरणं, नखं काढणं, खरजेला औषध. मग गाणी, गोष्टी, खेळ. घरातली म्हातारी दारात बसून बघायची, आई कामावरून परतताना थांबायची. पोरगं काय करतंय हे सगळ्यांना दिसत होतं, त्यामुळे शाळा या गोष्टीची भीती उरली नाही. अंगणात भरणारी बालवाडी ती अंगणवाडी.

साहित्याचा प्रश्नही तिथेच सुटला. दादरचे लाकडी ठोकळे बोर्डीला परवडणारे नव्हते. पण समुद्रकाठी शिंपले होते, वाडीत चिंचोके, बिया, पानं, फुलं होती, खडे होते, काड्या, माती आणि बांबू होता. मोजायला चिंचोके, लहान-मोठं लावायला शिंपले, रंग ओळखायला पानं-फुलं, बोटांना वळण लागायला माती. मूल ज्यात वाढतं त्याच वस्तू त्याच्या शिक्षणाच्या वस्तू झाल्या. माँटेसरी पद्धतीचं मर्म तसंच राहिलं आणि खर्च जवळपास नाहीसा झाला. आज अंगणवाडी ताईंच्या प्रशिक्षणात टाकाऊपासून शैक्षणिक साहित्य बनवायला शिकवतात, तेव्हा त्यामागे बोर्डीची ही नड आहे, हे मी नेहमी सांगत असे.

कोसबाडची टेकडी

बोर्डीपासून थोड्या अंतरावर डहाणू तालुक्यातच कोसबाडची टेकडी आहे. १९५७ च्या सुमारास केंद्र तिकडे हललं. कारण सरळ होतं. ज्यांच्यासाठी काम करायचं ते वारली आणि इतर आदिवासी तिकडच्या पाड्यांवर राहत होते.

तो मुलूख कसा होता हे समजल्याशिवाय अनुताईंच्या कामाची किंमत कळत नाही. जमीन सावकार-जमीनदारांची, जंगल सरकारचं आणि ठेकेदारांचं. वारली माणूस त्याच जमिनीवर वेठीला जायचा. लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे घेतले की नवराबायको दोघंही त्याच्याकडे बांधले जात, त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. कित्येकांचा जन्म त्यात गेला. १९४५ साली, म्हणजे बोर्डीचं केंद्र सुरू झालं त्याच वर्षी, गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने वारल्यांनी या वेठीविरुद्ध लढा उभारला आणि ती प्रथा मोडली. आपल्याकडे सालगड्याच्या घरात जन्मलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. हात मोकळे झाले तरी पोट मोकळं होत नाही, आणि वेठ गेली तरी मूल शाळेत येतंच असं नाही.

कोसबाडला अनुताईंना दिसलं ते असं. पाच-सहा वर्षांचा पोरगा सकाळी गुरं घेऊन रानात जातो, तो संध्याकाळी येतो. त्याच्यावर घरची गुरं किंवा मालकाची गुरं अवलंबून असतात. सहा-सात वर्षांची पोरगी कडेवर धाकटं भावंड घेऊन फिरते. ती शाळेत आली तर ते भावंड कोण सांभाळणार? शाळेची वेळ अकरा ते पाच, आणि मुलाच्या कामाची वेळही तीच. सरकारी दप्तरात या मुलांपुढे ‘गैरहजर’ लिहिलं जात होतं. अनुताईंनी विचार असा केला की, मूल तर रोज त्याच्या कामावर हजर असतं, तेव्हा शाळेनेच तिथे हजर व्हावं.

यातून कुरणशाळा निघाली. शिक्षक गुराख्यांच्या मागे कुरणात जायचा. गुरं चरत असताना झाडाच्या सावलीत मुलं जमायची. धुळीत अक्षरं, खड्यांनी बेरीज, पक्ष्यांची, झाडांची, गवताची नावं. ती नावं मुलांना शिक्षकाहून जास्त माहीत असायची, आणि हीच त्यातली गंमत होती. ज्या मुलाला शाळेत काहीच येत नाही म्हणून लाज वाटली असती, त्याला कुरणात कितीतरी गोष्टी येत होत्या. तिथून सुरुवात करून त्याला अक्षरांपर्यंत आणायचं, असा तो क्रम होता. या प्रयोगावर अनुताईंनी ‘कुरणशाळा’ नावाचं पुस्तकही लिहिलं.

भावंडं सांभाळणाऱ्या मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. धाकटं भावंड पाळणाघरात, मधलं बालवाडीत आणि मोठी बहीण वर्गात. मध्येच उठून ती भावाला बघून येऊ शकत होती. कुणी रागावत नव्हतं. उलट लहान मुलांची निगा कशी राखावी, काय खाऊ घालावं, हे मोठ्या मुली तिथेच शिकत होत्या. या एकत्र रचनेला ‘विकासवाडी’ म्हणत. बालशिक्षण आणि प्राथमिक शिक्षण वेगवेगळ्या कप्प्यांत न ठेवता जोडून घेण्याचा तो प्रयोग होता. त्याच्याकडे पुढे देशभरातल्या शिक्षणतज्ज्ञांचं लक्ष गेलं. आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अंगणवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरीची दोन वर्षं मिळून एक पायाभूत टप्पा मानला आहे. तो वाचताना मला कोसबाडचं ते आवार आठवल्याशिवाय राहत नाही.

भाषेचंही तसंच. वारली मुलाची घरची बोली वेगळी, पुस्तकातली मराठी वेगळी. बोली चुकीची ठरवून पुढे गेलं की मूल मुकं होतं, आणि मग तेच मूल मंद ठरतं. अनुताईंचा भर आधी मुलाला बोलतं करण्यावर होता. त्याची गाणी, त्याचा नाच, भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायची चित्रं यांना शाळेत जागा होती. वारली चित्रकला आज जगभर पोचली आहे आणि घराघरांतल्या चादरी-पडद्यांवरही आली आहे. पण ज्या काळात ती फक्त पाड्यावरच्या कुडाच्या भिंतीवर होती, त्या काळात ती काढणाऱ्यांच्या मुलांना आपलं काही मोलाचं आहे असं वाटावं, हा आग्रह या शाळेत होता.

हे सगळं वाचताना सोपं वाटतं. प्रत्यक्षात पैशाची कायम चणचण. पावसाळ्यात पाड्यांवर जायला रस्ते नाहीत. आजारी मुलाला आधी भगताकडे नेणार, मग दवाखान्यात. दारूचं व्यसन. दुष्काळ पडला की पाडाच्या पाडा रोजगारासाठी उठून जाणार, आणि वर्षभर जमवलेला वर्ग एका आठवड्यात रिकामा होणार. असा रिकामा झालेला वर्ग ज्या शिक्षकांनी पाहिला आहे, त्यांना अनुताईंचा चिवटपणा कळेल. त्या पुढच्या वर्षी पुन्हा तिथूनच सुरुवात करत.

ताराबाईंच्या नंतर

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. संस्थेचा सगळा भार अनुताईंवर आला. तोवर त्या त्रेसष्ट वर्षांच्या झाल्या होत्या. बहुतेक शिक्षक या वयात निवृत्तिवेतनाच्या कागदांत असतात. अनुताईंच्या कामाला मात्र इथून नवे फाटे फुटले.

मुलांसाठी काम करता करता त्यांच्या लक्षात आलं की, मुलाचं भलं आईच्या भल्यापासून वेगळं काढता येत नाही. मारझोड सोसणारी, कर्जात आणि कामात पिचलेली आई मुलाला काय देणार? म्हणून त्या स्त्रियांच्या प्रश्नांकडे वळल्या. ‘सावित्री’ नावाचं मासिक त्यांनी संपादित केलं. बालशिक्षणासाठी ताराबाईंनी चालवलेल्या ‘शिक्षणपत्रिके’चं कामही त्यांनी पुढे नेलं. १९८२ साली प्रा. रमेश पानसे यांच्यासह त्यांनी ‘ग्राममंगल’ ही संस्था स्थापन केली. डहाणू तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या शिक्षणाचे प्रयोग तिथे पुढे चालू राहिले, आणि त्यातून तयार झालेल्या शिकण्याच्या पद्धती महाराष्ट्रातल्या कितीतरी शिक्षकांपर्यंत गेल्या.

अनुताईंनी लिहिलंही पुष्कळ. ‘बालवाडी कशी चालवावी’ हे त्यांचं पुस्तक बालवाडी शिक्षिकांच्या हाताशी असायचं. १९८० साली आलेलं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मकथन ज्यांनी वाचलेलं नाही, त्यांनी जरूर वाचावं. स्वतःचा मोठेपणा त्यात कुठे दिसत नाही. मुलं, पाडे, शिक्षक आणि ताराबाई यांच्याविषयीच सगळं आहे.

१९८४ साली त्यांना पद्मश्री आणि १९८५ साली जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. तेराव्या वर्षी विधवा झालेल्या, नोकरी करत मॅट्रिक झालेल्या बाईच्या कामाची देशाने अशी दखल घेतली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी त्यांचं निधन झालं.

आपल्यापर्यंत काय पोचलं

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने देशातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास पुढच्या दवाखान्यात पाठवणं, मातांना पोषण आणि आरोग्याचं शिक्षण, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना पूर्वशालेय शिक्षण, अशा सहा सेवा एका ठिकाणी. त्या ठिकाणाला नाव मिळालं अंगणवाडी. बोर्डीच्या एका सारवलेल्या अंगणात तीस वर्षांपूर्वी रुजलेला शब्द असा हिंदी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्यांच्याही तोंडी गेला.

शब्द सगळीकडे गेला, पण त्यातला जीव सगळीकडे गेला का, हा प्रश्न मला नोकरीभर पडत राहिला. खिचडी शिजते, वजनं घेतली जातात, रजिस्टरं भरली जातात. ती कामं गरजेचीच आहेत. कुपोषित मूल काय असतं हे मी हातात घेऊन पाहिलं आहे. पण सहा सेवांपैकी जी सेवा अनुताईंच्या सगळ्यात जवळची, ती म्हणजे खेळातून शिक्षण, तीच सगळ्यात आधी मागे पडते. अंगणवाडी ताईला पगार नाही, मानधन आहे. तिच्याकडे गावातलं प्रत्येक सर्वेक्षण सोपवलेलं. मग मुलांना गाणं कधी शिकवायचं? दुसरीकडे ज्यांच्या हातात चार पैसे आले, त्यांची तीन वर्षांची मुलं टाय लावून खासगी नर्सरीत जातात आणि घरी येऊन गृहपाठ लिहितात. बोटांना अजून माती मळायची असते त्या वयात. ताराबाई आणि अनुताईंनी ज्या घोकंपट्टीतून मुलांना सोडवलं, तीच आता फी भरून विकत घेतली जाते आहे.

आणि कुरणातला तो गुराखी पोरगा अजून आहे. फक्त त्याचं कुरण बदललं. दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी तांड्यांवरून आणि वाड्यांवरून कुटुंबं ऊसतोडीला निघतात. बैलगाड्यांबरोबर, ट्रॅक्टरवर लहान मुलंही जातात. आई कोयता घेऊन फडात, मोठी पोरगी कोपीपाशी धाकट्याला सांभाळत बसलेली. परत येतात तेव्हा शाळेचं वर्ष संपत आलेलं असतं. त्यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या, गावात हंगामी वसतिगृहं निघाली. काही चांगली चालली, काही कागदावर राहिली. जिथे चांगली चालली तिथे कारण एकच दिसलं. कुणी तरी शिक्षक किंवा ताई मुलाच्या वेळेप्रमाणे आणि मुलाच्या जागेपर्यंत जायला तयार होती.

हे चरित्र या स्मरणिकेत का

आपल्या स्नेहमेळाव्यासाठी नावांची यादी केली, ती दहावीच्या हजेरीपटावरून. ते साहजिक आहे. पण जरा पहिलीचा पट आठवा. आपल्याबरोबर पहिलीत बसलेली सगळीच मुलं दहावीच्या पटावर नव्हती. कुणी दुसरीत असताना गुरं राखायला गेलं, कुणी कापूस वेचणीला. चौथी झाल्यावर कितीतरी मुली घरी बसल्या, आणि त्यातल्या काहींची लग्नं आपण सातवीत असताना झाली. ती मुलं हुशार नव्हती असं कुणी म्हणू शकणार नाही. आपल्या शिक्षकांनाही ती अजून नावानिशी आठवतात. मेळाव्याला आपण जितके आलो, तितकेच किंवा जास्त असे आहेत, ज्यांना बोलावणं गेलंच नाही, कारण ते कुठल्याच बॅचचे नाहीत.

अनुताईंनी आपलं आयुष्य दिलं ते या यादीबाहेरच्या मुलांना. म्हणून त्यांचं चरित्र इथे लिहावंसं वाटलं.

शेवटी एक विनंती. आपल्यात डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, शेतकरी, व्यापारी, कारखान्यातले, परदेशात गेलेलेही आहेत. मेळाव्याचा जो निधी शिल्लक राहील, त्यातला काही भाग गावाजवळच्या एका अंगणवाडीसाठी ठेवूया. नुसती खेळणी विकत घेऊन देऊ नका. महिन्यातून एकदा दोघं-तिघं तिथे जा. ज्याला गाणी येतात त्याने गावीत, ज्याला सुतारकाम येतं त्याने लाकडाचे ठोकळे घासून द्यावेत, डॉक्टरांनी मुलांचे दात आणि डोळे तपासावेत. आणि दिवाळीनंतर कोणत्या घरची मुलं ऊसतोडीला जाणार आहेत, याची यादी ताईकडून घेऊन त्यांच्या राहण्याचं आणि शिकण्याचं काय होणार, याची चौकशी वेळेआधी करावी. पुढचा मेळावा पाच वर्षांनी असेल. तोवर अशी पाच-सहा मुलं जरी पटावर टिकली, तरी त्या दिवशी त्यांची नावं वाचून दाखवू.